चौथ्या गिअरमध्ये गप्प बसणारी गाडी



मागच्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलाने २००९ सालची मारुती आठशे भंगारात दिली. मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाला, "मावशी, गिअरबॉक्स गेला होता. मेकॅनिक म्हणाला, खर्च करण्यात अर्थ नाही." गिअरबॉक्स उघडून पाहिला का? नाही. तेल कधी बदललं होतं? त्यावर तो हसला. "गिअरबॉक्सला पण तेल असतं का वेगळं?"

मला हसू आलं नाही. कारण हाच प्रश्न आमच्या घरी एकदा कुणी विचारला नव्हता, आणि त्याची किंमत पैशात मोजता येणार नाही अशी झाली. ती गोष्ट सांगते, आणि त्यावरून माझं जे मत बनलं आहे तेही सांगते. पटलं तर घ्या.

आम्ही मूळचे खान्देशातले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तापी लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये फिटर म्हणून लागले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या घराघरांत हीच कथा आहे, त्यामुळे ती लांबवत नाही. १९९५ मध्ये अण्णांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली, १९८६ चं मॉडेल. कागदावर पद्मिनी, पण घरात आणि गल्लीत सगळे तिला फियाटच म्हणायचे. रंग पांढरा, गिअर स्टिअरिंगजवळ, चार पुढे आणि एक मागे. घरात चारचाकी आली त्या दिवशी आईने तिला हळद-कुंकू लावलं आणि पहिली फेरी डुमसला झाली.

अण्णांची नोकरी यंत्रांच्या देखभालीची. कापड ताणून सुकवणारं स्टेंटर, रंगाची जेट मशीन, प्रत्येकाला मोटर आणि मोटरीला वेग कमी करणारा गिअरबॉक्स. त्या प्रत्येक गिअरबॉक्सच्या नावाने मिलमध्ये एक रजिस्टर होतं. तेल कधी घातलं, कधी बदललं, काढलेलं तेल कसं दिसलं, कुणी सही केली. अण्णा घरी येऊन सांगायचे, "आज तीन नंबरच्या तेलात चुरा निघाला. शेठला सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत खोला, नाहीतर सीझनमध्ये रडाल." शेठ त्यांचं ऐकायचा, कारण एक स्टेंटर बंद पडलं की मागचं सगळं काम तुंबतं.

या माणसाने घरच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं झाकण अकरा वर्षांत एकदाही उघडलं नाही. शेठच्या यंत्राला रजिस्टर होतं आणि आपल्या गाडीला विश्वास. मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच घरांत असंच असतं.

मग २००६ चा ऑगस्ट आला. जे तेव्हा सुरतेत होते त्यांना वेगळं सांगायला नको. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं, वरून पौर्णिमेची भरती, आणि ७ ऑगस्टपासून तापी शहरात शिरली. राखीपौर्णिमा ९ तारखेला होती. त्या दिवशी आम्ही अडाजणच्या बिल्डिंगच्या गच्चीवर शेजाऱ्यांबरोबर बसून हेलिकॉप्टरमधून पडणारी पाकिटं बघत होतो. खाली फियाटचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं.

पाणी उतरल्यावर चिखल, वास, आणि प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांची रांग. आमचा नंबर तीन आठवड्यांनी लागला. एका गॅरेजवाल्याने इंजिनचं तेल बदललं, कार्बोरेटर आणि पेट्रोलची टाकी साफ केली, डायनॅमो आणि स्टार्टर खोलून सुकवले, सीट उन्हात टाकल्या. गाडी चालू झाली तेव्हा आई रडली. कुणी विचारलं नाही, की जी गाडी तीन दिवस पूर्ण पाण्याखाली होती तिच्या गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये काय आहे. त्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही, त्याच्या दारात शंभर गाड्या होत्या. पण अण्णांना माहीत होतं. माहीत असायला हवं होतं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण सुरतेत पाऊस आणि खाडी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या गाडीला भेटतातच. गिअरबॉक्स बंद डबा वाटतो, पण तो पूर्ण बंद नसतो. आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती बाहेर जायला वर एक छोटं छिद्र असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी बुडली की याच वाटेने आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत जातं. मग गाडी चालवली की दात ते पाणी आणि तेल घुसळतात, ताकासारखं पांढरट मिश्रण होतं. गाडी चालत राहते. तेच तर वाईट आहे. इंजिनात पाणी गेलं तर इंजिन लगेच बंद पडून सांगतं. गिअरबॉक्स महिनोन्महिने चालतो आणि आत बेअरिंगच्या गोळ्यांना गंज धरतो, बारीक खड्डे पडतात.

आमच्या गाडीने सांगितलंही. दिवाळीच्या सुमारास एक आवाज सुरू झाला. घूंऽऽ असा, दूर कुठे दळणाची गिरणी चालू असावी तसा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये यायचा. चौथा टाकला की गप्प. अण्णा म्हणायचे, "चौथ्यात आवाज नाही ना? मग गिअरबॉक्स ठीक आहे. टायरचा असेल." आणि ते लवकर लवकर चौथा टाकायला शिकले. तीसच्या वेगालाच चौथा. गाडी कण्हायची, थरथरायची, पण आवाज नाही म्हणून सगळे खूश.

याचा अर्थ मला फार नंतर कळला. त्या जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनकडून येणारा दांडा आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा एकाच रेषेत असतात, आणि त्यांच्या खाली तिसरा एक दांडा असतो, त्याला मेकॅनिक लेअर शाफ्ट म्हणतात. पहिल्या तीन गिअरमध्ये सगळी ताकद त्या खालच्या दांड्यावरून फिरून वर येते. चौथ्यात वरचे दोन दांडे सरळ एकमेकांना जोडले जातात. खालचा दांडा फिरतो, पण त्याच्यावर ओझं नसतं. म्हणून चौथ्यात आवाज बंद होणं म्हणजे गिअरबॉक्स ठीक असणं नव्हे. उलट नेमकं सांगणं आहे, की खालच्या दांड्याचं बेअरिंग चाललंय. गाडी बोट दाखवून सांगत होती, आणि आम्ही तिला चौथ्यात टाकून गप्प करत होतो.

२००७ ची आखाजी. खान्देशी माणसाला सांगायला नको, दिवाळीइतकाच मोठा सण, आणि तोही लेकींचा. आईचं माहेर अमळनेरचं. पुराच्या गडबडीत आई वर्षभर माहेरी गेली नव्हती, आणि आजी थकली होती. तिचा निरोप आला होता, या वेळी ये. एरवी आम्ही रेल्वेने जायचो, उधन्याला बसलं की नंदुरबार, दोंडाईचा करत सरळ अमळनेर. पण आईला आजीसाठी गादी न्यायची होती, साड्या होत्या, एक मिक्सर होता. अण्णा म्हणाले, गाडीने जाऊ.

आदल्या दिवशी अण्णांची ड्युटी सुटल्यावर निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. रस्ता सपाट, चौथा गिअर, गाडी गप्प. विसरवाडी मागे पडली आणि कोंडाईबारीचा घाट सुरू झाला. घाटात चौथा चालत नाही. तिसरा टाकला, घूंऽऽ. मग दुसरा. आवाज वाढत गेला, घूंऽऽ चं घर्रर्र झालं. आई म्हणाली, "अहो, थांबवा ना जरा." अण्णा म्हणाले, "घाट चढून थांबू."

तेवढ्यात खालून कडाड असं काहीतरी तुटलं. इंजिन मोकळं ओरडायला लागलं आणि गाडी मागे घसरू लागली. अण्णांनी ब्रेक दाबून धरला, माझा भाऊ उडी मारून उतरला आणि चाकामागे दगड लावले. मागून ट्रक येत होते. त्या काही मिनिटांत काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. साक्रीकडचा एक ट्रकवाला थांबला. "काय जायं भाऊ? गिअर पडस नही का?" त्यानेच दोर बांधून आम्हाला मागे विसरवाडीपर्यंत सोडलं. एक पैसा घेतला नाही.

रात्र ढाब्याच्या खाटांवर काढली. सकाळी एसटीडी बूथवरून अमळनेरला शेजाऱ्यांकडे निरोप दिला. गाडी सुरतेला परत नेणारा ट्रक मिळेपर्यंत दुपार झाली, मग आम्ही एसटीने धुळे, तिथून अमळनेर. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आखाजीची पंगत केव्हाच उठली होती. झोक्यावरच्या बायका घरी गेल्या होत्या. आजी ओट्यावर बसून होती. मामी म्हणाली, सकाळपासून काही खाल्लेलं नाही, म्हणते लेक आल्याशिवाय ताट घेणार नाही. आईला पाहून आजी एवढंच म्हणाली, "वाट देखी देखी डोया थकनात वं माय."

त्या रात्री दोघींनी एका ताटात पुरणपोळी खाल्ली. दिवाळीच्या आधी आजी गेली. पुढची आखाजी तिने पाहिली नाही.

अण्णा यावर कधी काही बोलले नाहीत. आईही नाही.

आता गाडीचं. सुरतेला परत आल्यावर अण्णांनी उधन्याच्या बाजूला एक म्हातारे मेकॅनिक शोधले, फक्त गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं काम करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी खालचा नट सोडला, परातीत पडलं ते बघितलं आणि मला म्हणाले, "आ तेल नथी बेटा, आ तो छास छे." मग त्या ताकात त्यांनी लोहचुंबक फिरवलं. लोखंडाचे तुकडे, बेअरिंगच्या कडीचे भाग, दाताचं एक टोक. लेअर शाफ्टचं बेअरिंग फुटलं होतं, दांडा सरकला होता, दोन गिअरचे दात गेले होते.

पद्मिनी बनवणं २००० च्या आसपासच बंद झालं होतं, सुरतेत भाग मिळेनात. चाचांनी तुटलेला गिअर वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि म्हणाले, हा घेऊन मुंबईला जा, दात मोजून घ्या. मी आणि अण्णा पहाटे फ्लाइंग राणीने निघालो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांतून फिरलो. ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार झाली त्याच कुर्ल्यात तिचे अवयव ढिगाने पडले होते. मुंबईच्या टॅक्स्यांमुळे तेव्हा माल मिळायचा. तिसऱ्या दुकानात गिअर मिळाले, दात जुळले. संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने परत. जाताना आणि येताना अण्णा खिडकीबाहेर बघत होते. वापीच्या पुढे कुठेतरी म्हणाले, "मिलमध्ये असं झालं असतं तर मी त्या माणसाला कामावरून काढायला लावलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या वहीसारखी एक वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि पहिल्या पानावर लिहिलं, गिअरबॉक्स. तारीख, किलोमीटर, तेल, तेलाचा रंग, चुरा, सही. अगदी मिलच्या रजिस्टरसारखं. २०१९ मध्ये अण्णा गेले. वही माझ्याकडे आहे आणि गाडीही. आता सही मी करते.

एवढं सांगितल्यावर मत सांगते. जुनी गाडी ठेवायची की काढायची यावर आपल्याकडे दोनच बाजू असतात. एक म्हणते, भंगार आहे, द्या आणि सुटा. दुसरी म्हणते, बाबांची आठवण आहे, विकवत नाही. मला दोन्ही अर्धवट वाटतात. माझी कसोटी साधी आहे. तुम्ही त्या गाडीची वही ठेवणार आहात का? ठेवणार असाल तर ती चालवा. नसाल तर आठवणीच्या नावाखाली ती दारात सडवू नका, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्यात माणसं बसवून घाटात नेऊ नका.

काही जण म्हणतील, आता सरकारच जुन्या गाड्यांच्या मागे लागलंय. भंगार धोरण १३ ऑगस्ट २०२१ ला आपल्याच गांधीनगरच्या कार्यक्रमात जाहीर झालं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं. मला ते बोचतं, पण त्यामागचा विचार सगळाच चुकीचा म्हणता येत नाही. काळा धूर सोडणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नकोच. माझ्या पद्मिनीत एअरबॅग नाही, मी तिच्यातून नातवंडांना हायवेवर नेणार नाही. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तासभर चालवते, तेल सगळीकडे फिरावं म्हणून. पण गिअरबॉक्सचा आवाज आला म्हणून धडधाकट इंजिनाची आणि न गंजलेल्या पत्र्याची गाडी कापायला देणं हे धोरण नाही, तो आळस आहे. आणि ज्यांचं पोट जुन्या गाडीवर आहे, आपल्याच वस्तीतले टेम्पोवाले, लोडिंग रिक्षावाले, त्यांना "नवीन घ्या" म्हणणं सोपं असतं, हप्ता आपल्याला भरायचा नसतो. त्यांच्यासाठी वेळेवर बदललेलं डबाभर तेल हीच बचत आहे.

तर चाचांकडून आणि वहीतून जे शिकले ते लिहिते. नव्याजुन्या बहुतेक हाताने गिअर टाकायच्या गाड्यांना लागू पडेल.

पहिलं, तेल. गिअरबॉक्सच्या बाजूला एक नट असतो. गाडी सपाटीवर, तेल निथळलेलं, नट सोडा आणि करंगळीचं पेर आत घाला. तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत लागलं पाहिजे. लागलं नाही तर ते कुठून तरी गळतंय, आधी सील बघा. कोणतं तेल आणि किती हजार किलोमीटरला, हे गाडीच्या पुस्तकात असतं तेच. दुकानदार "जीएल-५ घ्या, जीएल-४ पेक्षा भारी आहे" म्हणेल. आकडा मोठा म्हणजे गिअरबॉक्सला चांगलं असं नाही. जीएल-५ मुख्यतः मागच्या डिफरन्शियलसारख्या ठिकाणासाठी आहे. गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा असलेल्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना त्यातली रसायनं सोसत नाहीत. आणि गाडी कधी पाण्यात बुडाली, तर इंजिन सुरू करायच्या आधी तिन्ही तेलं काढा, इंजिनचं, गिअरबॉक्सचं, डिफरन्शियलचं. नवीन घाला, थोडं चालवा, पुन्हा काढून बघा. पांढरट झाक दिसली तर पुन्हा बदला. दोन डबे वाया गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं, काढलेलं तेल फेकायच्या आधी बघा. चुंबकावर राखाडी मलमासारखी बारीक पूड चिकटली तर ती वयाची झीज, घाबरू नका. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजतायत. टोचणारे तुकडे निघाले तर गाडी तिथेच थांबवा.

तिसरं, ऐका. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबतेय, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतोय, तर क्लचचं रिलीज बेअरिंग, ते त्या मानाने लहान काम. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दात. गिअर आपोआप सुटतोय तर आतली स्प्रिंग, फोर्क किंवा दातांची झीज, कधी कधी इंजिनचं माउंटिंगही. गिअर पडतच नसेल तर गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी क्लचची सेटिंग आणि बाहेरच्या दांड्यांचे झिजलेले बुश बघायला सांगा. आमच्या फियाटचा स्टिअरिंगजवळचा गिअर एकदा अडकायला लागला होता. एकाने गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला. चाचांनी एक बुश बदलला, दहा मिनिटांत. चेतकवाल्यांनाही हे लागू आहे. हँडलवरचा गिअर सुटतोय म्हणजे इंजिन खोला असं नाही, आधी दोन्ही गिअर केबलींचा ढिलेपणा बघा. तरीही सुटत असेल तर मग आतला चार टोकांचा तुकडा झिजलेला असतो.

चौथं, सवयी. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. आपलं शहर पुलांचं. पुलाच्या चढावर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे मी रोज बघते. हँडब्रेक कशासाठी आहे? गाडी पुढे सरकत असताना रिव्हर्स टाकू नका. आणि अण्णांनी केलं ते करू नका, आवाज येऊ नये म्हणून वेगाआधी वरचा गिअर टाकणं.

पाचवं, गिअरबॉक्स एकदा खाली उतरवलाच तर एकच बेअरिंग बदलून वर चढवू नका. उतरवण्या-चढवण्याची मजुरी तीच लागते. सगळी बेअरिंगं, सील, आणि क्लच प्लेट झिजायला आली असेल तर तीही त्याच वेळी. जुने भाग मागून घ्या. चांगला मेकॅनिक स्वतःच पुढे करतो.

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक आहे त्यांच्यासाठी एकच ओळ. तुमच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, पुस्तकात लिहिलेलंच घाला, दुसरं मिसळू नका. आणि कुणी म्हणालं की यात आयुष्यभराचं तेल आहे, तर विचारा, कुणाच्या आयुष्याचं?

शेवटची गोष्ट मेकॅनिकांबद्दल. चाचा गाडीत बाजूला बसायचे, डोळे मिटायचे, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईस्तोवर काय गेलंय ते सांगायचे. त्याचे पैसे ते घ्यायचे नाहीत, आणि आपणही द्यायचो नाही. आपण नटाचे पैसे देतो, कानाचे देत नाही. म्हणून तर त्यांच्या मुलाने तो धंदा घेतला नाही. तो आता मोबाइलचं दुकान चालवतो आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या कामाला दाम नाही ते काम पोरगा कशाला शिकेल? मग आपणच तक्रार करतो की हल्ली मेकॅनिक न बघताच "बदलून टाका" म्हणतात. तुमच्या ओळखीत असा ऐकणारा माणूस अजून असेल, तर त्याने काही न बदलता नुसतं निदान सांगितलं तरी त्याच्या हातात पैसे ठेवा. नको म्हणाला तरी ठेवा.

अण्णांच्या वहीत २००७ च्या पहिल्या पानावर "तेलाचा रंग" या रकान्यात त्यांनी लिहिलंय, "ताक". त्याच्या पुढे "कारण" असा एक रकाना त्यांनी नंतर आखला होता. त्यात मात्र तेलाबद्दल काही नाही. तिथे एकच शब्द आहे, "मी".

तुमच्या दारात जुनी गाडी असेल, स्कूटर असेल, टेम्पो असेल, तर या रविवारी तिचं गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं ते आठवून बघा. आठवलं नाही तर तेच उत्तर समजा. आणि आखाजीच्या आधी बदलून घ्या. कुणीतरी ओट्यावर वाट बघत असतं.